‘सॉफ्टवेअर आलं, रांग तशीच’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. तुम्ही दोन तारे देऊन आमच्या रुग्णालय-सॉफ्टवेअरबद्दल तीन तक्रारी मांडल्या आहेत: लॅबचे निकाल दोनदा टाइप करावे लागतात, ओपीडीतली रांग जराही घटली नाही, आणि औषध लिहिताना येणाऱ्या इशाऱ्यांना डॉक्टर वैतागले आहेत. उत्तर इथेच जाहीर देतोय, कारण हेच प्रश्न इतर रुग्णालयांनाही पडतात आणि त्यातले सगळेच संगणकावर सुटणारे नाहीत.

आधी लॅब. निकाल पुन्हा टाइप करावा लागतो म्हणजे यंत्र आणि सॉफ्टवेअर यांच्यातली जोडणी बंद आहे किंवा अर्धवट आहे. दुतर्फी जोडणीत नमुन्याची नळी यंत्रात गेली की यंत्र बारकोड वाचतं, या नमुन्यावर कोणत्या चाचण्या करायच्या ते सॉफ्टवेअरला विचारतं आणि निकाल त्याच क्रमांकावर परत पाठवतं. त्यासाठी यंत्राच्या सेटिंगमध्ये ‘होस्ट क्वेरी’ (यंत्राने सॉफ्टवेअरला असं विचारण्याची सोय) चालू हवी आणि प्रत्येक चाचणीचा यंत्रातला कोड आमच्या यादीतल्या कोडशी जुळवलेला हवा. चार-दोन कोड राहिले की तेवढेच निकाल अडकतात. मग तंत्रज्ञ कंटाळून सगळंच हाताने भरायला लागतो. जुळवताना एककही बघावं लागतं. यंत्र ग्लुकोज मिलीमोल प्रति लिटरमध्ये देत असेल आणि रिपोर्ट मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये छापायचा असेल, तर आकड्याला १८ ने गुणायला हवं. ते राहिलं तर ९९ च्या जागी ५.५ छापून येईल.

जोडणी ठीक असून बारकोड वाचला जात नसेल, तर लेबल कसं चिकटवलंय ते बघा. नळी उभी धरली की बारकोडच्या रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या दिसायला हव्यात. लेबल नळीभोवती गुंडाळलं तर रेघा गोलाईवर वळतात आणि कडेच्या रेघा स्कॅनरला दिसतच नाहीत. तिरकं लेबल, सुरकुतलेलं लेबल, जुन्यावर चिकटवलेलं नवं लेबल, सगळ्यांचा परिणाम तोच: तंत्रज्ञ क्रमांक हाताने टाकतो. ‘कोड १२८’ प्रकारच्या बारकोडमध्ये चुकीचं वाचन पकडणारं तपासणी-अक्षर असतं, पण हाताने टाकलेल्या क्रमांकाला त्याचा आधार नसतो. एक आकडा चुकला की निकाल भलत्याच रुग्णाच्या नावावर जातो.

वॉर्डात सकाळच्या फेरीआधीच सगळी लेबलं छापून रिकाम्या नळ्यांना लावून ठेवण्याची पद्धतही बंद करा. लेबल रुग्णासमोरच लागलं पाहिजे, नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून वदवून. खाट क्रमांक ही ओळख नव्हे, खाटा बदलतात. (नोंदणीच्या खिडकीवर जन्मतारीख माहीत नसलेल्या प्रत्येकाला १ जानेवारी टाकली जात असेल, तर ही पडताळणी निम्मी निकामी झालीच.) ट्रॉलीवर छोटा लेबल प्रिंटर ठेवणं हा खरेदीचा निर्णय आहे, तो तुमच्याकडेच होणार.

रांगेची तक्रार मात्र मला मान्य नाही. डॉक्टर तासाला ६ रुग्ण तपासतात आणि १८ जणांना ९ वाजताच बोलावलंय, तर शेवटच्याला २ तास ५० मिनिटं थांबावंच लागणार. टोकन कागदी असो की मोबाइलवर. ओपीडी अर्धा तास उशिरा सुरू झाली तर तो अर्धा तास प्रत्येकाच्या वाट्याला येतो. सॉफ्टवेअर चार वेळा नोंदवतं: येणं, नोंदणी, डॉक्टरांकडे जाणं, बाहेर पडणं. ही नोंद विभागवार काढा, आणि सरासरीवर थांबू नका. सर्वांत जास्त थांबलेले १० टक्के रुग्ण कोणत्या वेळचे, तेही बघा. नव्या आणि फेरतपासणीच्या रुग्णांना वेगवेगळ्या लांबीच्या वेळा द्या, तासाला एक जागा तातडीच्या रुग्णांसाठी मोकळी सोडा. वेळापत्रक बदलण्याची सोय आहे, पण ते बदलायला विभागप्रमुखांची संमती लागते.

इशाऱ्यांबद्दल डॉक्टरांचं म्हणणं रास्त आहे. औषधांच्या सगळ्या परस्परक्रिया एकाच जोराने दाखवल्या की बोट न वाचताच ‘पुढे’ दाबायला शिकतं आणि ॲलर्जीचा इशाराही त्यातच निघून जातो. काम थांबवणारा इशारा फक्त ॲलर्जी आणि गंभीर परस्परक्रियांसाठी ठेवा, बाकीचे बाजूला नुसते दिसू द्या. कोणता इशारा कुठल्या गटात ठेवायचा, ते तुमच्या औषध समितीने ठरवायचं. आम्ही ठरवणं योग्य नाही.

यंत्राच्या होस्ट सेटिंगची माहिती आणि चाचण्यांच्या कोडची यादी सपोर्टकडे पाठवा, जुळवणी आम्ही करतो. चालू करण्याआधी प्रत्येक चाचणीचे कमी, सामान्य आणि जास्त असे तीन नमुने चालवून यंत्राच्या स्क्रीनवरचा आणि रिपोर्टवरचा आकडा तुमच्या पॅथॉलॉजिस्टनी ताडून सही करायची आहे. ती सही होईपर्यंत हाताने टाइप करणं चालूच ठेवा.