‘ज्यांना ग्राफ कळत नाही’ त्यांच्याकडून

अनामिक महोदय,

माझ्या लेखावरच्या प्रतिक्रियेबद्दल आभार. वाचनालयाच्या नोंदी पडद्यावर दाखवायला मी त्यात डेटासेट (Datasette, एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसमधली टेबलं वेबपानांवर दाखवणारं साधन) सुचवलं, त्यावर आपण लिहिता: ‘ज्यांना ग्राफ डेटाबेस कळत नाही ते टेबलांना कवटाळून बसतात. निओफोरजे वापरून बघा. शिवाय डेटासेटमध्ये नोंद दुरुस्त करता येत नाही, आणि डीथ्रीचा तर लेखात विचारच नाही.’ (इतर वाचकांसाठी: ग्राफ डेटाबेस म्हणजे नोंदी गोळ्यांसारख्या आणि त्यांच्यातली नाती रेषांसारखी मांडणारा डेटाबेस; निओफोरजे, म्हणजे Neo4j, हा त्यातलाच एक. डीथ्री, म्हणजे D3, हे वेबपानावर आलेख आणि चित्रं काढायचं साधन.)

‘कळत नाही’ हे आपण कशावरून ठरवलंत? मतभेद असू शकतात, पण ही काय बोलायची पद्धत झाली? फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या काळापासून मी हेच करत आलोय. सभासद क्रमांक टाकला की खाली त्याच्या नावावरची पुस्तकं दिसावीत म्हणून ‘सेट रिलेशन’ या दोन टेबलं जोडायच्या आज्ञेशी झटापट करत रात्री काढल्यात. आपण तेव्हा बहुधा शाळेत असाल. (वय काढत नाहीये. काढतोय म्हणा हवं तर.)

निओफोरजेचा ब्राउझर, म्हणजे त्यातल्या नोंदी बघायचा पडदा, मी वापरलाय. गोळ्यावर डबल-क्लिक केलं की त्याला जोडलेले गोळे उलगडतात, पहिल्यांदा बघताना भारीच वाटतं. आता दांडगं वाचन असलेला एक सभासद उलगडा, मग त्याने नेलेलं एखादं लोकप्रिय पुस्तक उलगडा. पडद्यावर नुसता गुंता. ग्रंथपालबाईंचा प्रश्न साधा असतो: या दाखल क्रमांकाचं पुस्तक कोणाकडे आहे, आणि त्यांच्याकडे आणखी काय थकलंय? टेबलात फॉरिन की (हा रकाना दुसऱ्या टेबलातल्या कुठल्या नोंदीकडे बोट दाखवतो ते सांगणारी खूण) नीट दिलेली असली की डेटासेट त्या रकान्याचा आपोआप दुवा करतं. सभासदाच्या पानावर देवघेवीच्या टेबलात त्याच्या किती नोंदी आहेत तेही दिसतं. दोन क्लिकांत काम होतं, आणि तेही एका एसक्यूलाइट फाइलवर. बाईंना सायफर, म्हणजे निओफोरजेला प्रश्न विचारायची भाषा, शिकवायला आपण येणार आहात का?

ग्राफ कुठे लागतो तेही कळतं, बरं का. 2016 साली पनामा पेपर्स, म्हणजे परदेशी आडोशाच्या कंपन्यांची फुटलेली कागदपत्रं, बाहेर आले, तेव्हा आयसीआयजे या शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पत्रकारांनी निओफोरजे आणि लिंक्युरियस (ग्राफ पडद्यावर दाखवणारं साधन) वापरलं होतं. योग्यच केलं. कंपनीमागे कंपनी, तिच्यामागे कोण, मधे किती टप्पे, काहीच ठाऊक नव्हतं. तालुक्याच्या वाचनालयातून काकूंनी कादंबरी नेली, यात कसला आलाय छुपा मालक?

सायटोस्केप.जेएस या वेबपानावर ग्राफ काढणाऱ्या साधनाचं नाव लेखात यायला हवं होतं, हे मात्र मान्य. (ते आपण सुचवलेलं नाही, मीच सांगतोय.)

बाकीचं थोडक्यात. दुरुस्तीचं म्हणाल तर लेख नोंदी ‘दाखवण्या’बद्दल होता, शीर्षकातच आहे. डीथ्री 2011 पासून आहे, उत्तम आहे, पण ते चित्र काढतं. डेटाबेसमधून नोंदी आणून देणारा भाग आपला आपण लिहायचा असतो.

पुढच्या वेळी आपण स्वतः चालवत असलेल्या ग्राफचा स्क्रीनशॉट जोडा, नोंदी किती तेही लिहा. आणि जमलं तर नावही.