आल्फामातल्या दोरीवरची इरकल

आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेक्रेटरींनी एक छायाचित्र टाकले. ते नुकतेच स्पेन-पोर्तुगालची नऊ दिवसांची सहल करून परतले आहेत आणि गेला आठवडाभर आम्हाला रोज थोडाथोडा युरोप दाखवत आहेत. आजचे छायाचित्र लिस्बनमधल्या आल्फामा या जुन्या वस्तीतले होते. चढणीची अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना पोपडे उडालेल्या भिंती आणि खिडक्यांखालच्या दोऱ्यांवर वाळत घातलेल्या चादरी, बनियन, मोजे. खाली ओळ होती, ‘यांचे वाळत घातलेले कपडेसुद्धा किती सुंदर दिसतात!’ त्यावर सव्वीस अंगठे आले. त्यानंतर बरोबर पंधरा मिनिटांनी याच गृहस्थांनी याच ग्रुपवर नोटीस टाकली की, गॅलरीत कपडे वाळत घातल्याने इमारतीच्या दर्शनी भागाची शोभा जाते, सबब येत्या १ तारखेपासून प्रत्येक वेळी ५०० रुपये दंड आकारण्यात येईल. त्यालाही अंगठे आले, आणि मी मुद्दाम ताडून पाहिले, बहुतेक तेच होते.

हे दोन संदेश एकाखाली एक वाचल्यावर माझा चहा गार झाला. ग्रुपवर काही लिहिले तर सणाच्या वर्गणीपर्यंत विषय जाईल, म्हणून इथे लिहीत आहे. आल्फामातल्या दोऱ्यांविषयी बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे, कारण त्यांपैकी एका दोरीवर माझी स्वतःची इरकल वाळत होती.

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे नेदरलँड्सला गेले असताना आम्ही दोघी जून महिन्यात सहा दिवसांसाठी लिस्बनला गेलो. आल्फामात तिसऱ्या मजल्यावर एक खोली भाड्याने घेतली होती. जून हा तिथे संत अंतोनियोच्या उत्सवाचा महिना असतो. हा संत पादुआच्या नावाने ओळखला जात असला तरी त्याचा जन्म लिस्बनचा, आणि हे तिथला प्रत्येक जण तुम्हाला ऐकवतो. १२ जूनच्या रात्री गल्लीगल्लीत शेगड्या मांडून तारल्या भाजतात. आम्ही त्या धुरात मध्यरात्रीपर्यंत हिंडलो, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या लालजर्द इरकलीला असा वास येऊ लागला की ती बॅगेत ठेवणे शक्यच नव्हते. मी ती न्हाणीघरात धुतली, चौघडी करून खिडकीखालच्या दोरीवर टाकली आणि कॉफी करायला आत गेले.

अर्ध्या तासाने खाली गलका झाला. डोकावून पाहते तो गल्लीत एक बाई उंच छत्री धरून उभी, तिच्याभोवती वीसेक पर्यटक, आणि सगळ्यांचे फोन माझ्या साडीकडे रोखलेले. त्या वीस जणांच्या फोनमध्ये आल्फामाचे अस्सल लोकजीवन म्हणून जी वस्तू आजही जपून ठेवलेली असेल, ती पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर घेतलेली आहे. मला हसू आवरेना. मात्र गलक्याचे कारण वेगळेच होते. माझ्या खालच्या मजल्यावरच्या खिडकीत एक आजीबाई उभ्या राहून माझ्याकडे पाहत तारस्वरात ओरडत होत्या, कारण इरकलीचा रंग जात होता आणि त्याचे थेंब त्यांच्या पांढऱ्या चादरीवर पडत होते. पर्यटकांनी तेही टिपले.

सेक्रेटरींनी सहलीचे वेळापत्रकसुद्धा ग्रुपवर टाकले होते, म्हणून मला माहीत आहे की त्यात संपूर्ण आल्फामासाठी पाऊण तास होता. पाऊण तासात त्यांना दोऱ्या दिसल्या, परंतु कपडे बाहेर का असतात, हा प्रश्न पडायला जो सहावा दिवस लागतो तो त्यांच्याकडे नव्हता. १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बनला महाभयंकर भूकंप झाला. पाठोपाठ समुद्र आत आला, आगी लागल्या आणि नदीकाठचा सखल भाग, म्हणजे बायशा, जमीनदोस्त झाला. पुढे मार्किस द पोंबाल म्हणून ओळखल्या गेलेल्या मंत्र्याच्या हुकमतीखाली तो भाग पट्टीने आखल्यासारखा नव्याने उभा राहिला. काटकोनात छेदणारे रस्ते, एका उंचीच्या इमारती, भूकंपात तग धरावा म्हणून भिंतींच्या आत लाकडी पिंजरा, आणि रस्त्यांना व्यवसायांची नावे : सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा रस्ता. ज्याने पुण्यात तांबट आळी आणि बुरूड आळी पाहिली आहे त्याला तिथे परके वाटणार नाही.

बायशातून दहा-पंधरा मिनिटे चढून गेलात की पट्टी संपते. आल्फामा टेकडीच्या अंगावर आहे आणि भूकंपातून ती बरीचशी वाचली, त्यामुळे गल्ल्यांची गुंतागुंत अजून मूर, म्हणजे इथे पूर्वी राज्य करणाऱ्या मुसलमान लोकांच्या काळातलीच आहे. नावही अरबीच, गरम पाण्याच्या झऱ्यांवरून पडलेले. तिथल्या घरांना अंगण नाही, परसदार नाही, पुष्कळ घरांत धड गॅलरीही नाही. जुन्या घरांतून न्हाणीघरे नंतर कशीबशी बसवलेली दिसतात, आणि मेक्सियाश नावाच्या एका बोळात सार्वजनिक धुणे धुण्याच्या दगडी टाक्या अजून आहेत. अशा घरात चादर वाळवायला जगात एकच जागा उरते, खिडकीबाहेरची हवा. त्याला सुंदर म्हणायला माझी हरकत नाही. ज्या माणसाला ते तिथे सुंदर दिसते त्याला आपल्या इमारतीत त्याच दोरीसाठी दंड लावावासा वाटतो, याला माझी हरकत आहे आणि ती चांगली सणसणीत आहे.

टेकडीवरच्या किल्ल्याच्या पलीकडच्या उतारावर मोरारिया ही वस्ती आहे. ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिकेश याने शहर जिंकल्यावर तिथे राहू दिलेल्या मुसलमानांना तटाबाहेर जी जागा मिळाली तीच ही वस्ती. फादो, म्हणजे लिस्बनची दर्दभरी गाणी, गाणारी मारिया सेव्हेरा १८४६ मध्ये इथल्याच एका गल्लीत अवघ्या सव्वीस वर्षांची असताना वारली, आणि आज भिंतीभिंतींवर गायकांची मोठी छायाचित्रे लावली आहेत. तिथून थोडे चालले की बेनफोर्मोझो नावाचा रस्ता लागतो, जिथे बांगलादेशी, नेपाळी, पाकिस्तानी आणि भारतीय दुकाने एकाला एक लागून आहेत. आम्हाला तिथे कोथिंबीर मिळाली, हिरवी मिरची मिळाली आणि दुकानदाराने हिंदीत विचारले की खोलीत फोडणी करू देतात का. पहाटे उठून हॉटेलांची भांडी घासणारी आणि दिवसभर दारोदार जेवण पोहोचवणारी मुले या भागातल्या खोल्यांतून दाटीवाटीने राहतात. सेक्रेटरींच्या मार्गदर्शकाने बसमध्ये बजावून सांगितले होते म्हणे की तिकडे फिरकू नका. मेलेल्या सेव्हेराची गल्ली बघायची आणि जिवंत माणसांची टाळायची, हा हिशेब मला कधीच कळलेला नाही. तुम्हालाही कळला नसेल, अशी माझी खात्री आहे.

लिस्बनच्याच बेलें या नदीकाठच्या भागाबद्दल फार लिहीत नाही. जेरोनिमोश मठात वास्को द गामाची समाधी आहे, तो मेला मात्र १५२४ मध्ये आपल्या कोचीला. त्याजवळ १८३७ पासून चाललेली ती प्रसिद्ध कस्टर्डची पेस्ट्री मिळते. रांग लांब होती, ती गोष्ट खरोखर चविष्ट होती आणि मी तीन खाल्ल्या. गटाच्या सहलीत निदान हे तरी चुकत नाही, एवढे मान्य केले पाहिजे.

माझे मन बसले ते ग्रासामध्ये. आल्फामाच्या वरच्या अंगाला असलेल्या या वस्तीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कामगारांसाठी आणि छोट्या नोकरदारांसाठी बांधलेल्या घरांच्या रांगा आहेत. त्यांना तिथे ‘व्हिला’ म्हणतात, आणि आपण व्हिला म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे आणतो त्याच्याशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. व्हिला बेर्ता नावाच्या अशाच एका गल्लीत आम्ही शिरलो. समोरासमोर घरे, लोखंडी कठड्यांचे सज्जे, त्यांत कुंड्या आणि मध्ये सगळ्यांची मिळून एकच वाट. मी जागच्या जागी थांबले. मुलीने विचारले, ‘आई, काय झालं?’ काय सांगणार? माझे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले आहे. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या लुगड्याचे पाणी आमच्या आईच्या पापडांवर पडले की जो आवाज चढे, तो आवाज मी त्याच दिवशी सकाळी पोर्तुगीज भाषेत ऐकला होता.

त्या आजींकडे परत येते. मी साडी ओढून घेतली आणि कपड्यांच्या साबणाची वडी घेऊन धावत दुसऱ्या मजल्यावर गेले. दार उघडताच त्यांनी पुन्हा सुरुवात केली. मला एक अक्षर कळत नव्हते, म्हणून मी वडी पुढे धरून आपले मराठीतच म्हटले, ‘साबण, साबण.’ त्या थबकल्या आणि म्हणाल्या, ‘साबांव.’ आपल्याकडे हा शब्द पोर्तुगीजांनी आणला की अरबांनी, यावर जाणकारांचे एकमत नाही, पण त्या क्षणी त्याने आमचे भांडण मिटवले. पुढचा अर्धा तास आम्ही दोघींनी त्यांच्या मोरीत ती चादर चोळली. डाग पुसट झाले, पूर्णपणे गेले नाहीत. मग त्यांनी चेरीच्या दारूचे, जिंजिन्याचे, दोन इवलेसे प्याले भरले. मी दारू पीत नाही. त्या दिवशी प्यायले.

खिडकीत उत्सवाची मांजेरिकोची कुंडी होती. हे बारीक पानांचे सब्ज्यासारखे झाड त्या दिवसांत एकमेकांना देतात. त्याला नाक लावायचे नसते, हात फिरवून हाताचा वास घ्यायचा असतो. मी वाकून वास घेऊ लागले तेव्हा आजींनी माझे मनगट धरून ते शिकवले. मांजेरिको ऐकून मला मंजिरी आठवली, योगायोग असेल.

इथवर ही गोष्ट गोड आहे आणि मी ती पुष्कळांना इथवरच सांगितली आहे. त्यानंतर मुलगी मला शोधत खाली आली आणि तिच्या फोनवरच्या भाषांतराच्या आधाराने थोडे बोलणे झाले. आजींनी इमारतीची सहा दारे बोटांवर मोजून दाखवली. एकेका बोटाला ‘तुरिश्ता’, म्हणजे पर्यटक, असे पाच वेळा म्हणून सहाव्या बोटाला स्वतःच्या छातीवर हात ठेवला. पूर्वी त्या दारांमागे कोण राहत असे तेही त्यांनी नावानिशी सांगितले. वरच्या, म्हणजे आम्ही उतरलेल्या खोलीत त्यांची मैत्रीण चाळीस वर्षे राहत होती. म्हणजे ज्या दोरीवर मी साडी टाकली ती दोरी त्या बाईची होती, आणि आमच्या दाराशी तिच्या नावाच्या पाटीऐवजी आकडे फिरवून उघडायची किल्लीची पेटी लावलेली होती.

२०१२ च्या कायद्याने पोर्तुगालमधली जुनी गोठलेली भाडी मोकळी झाली आणि मालकांना कळले की म्हाताऱ्या भाडेकरूकडून महिन्याला जे मिळते ते पर्यटकाकडून दोन-तीन रात्रींत सुटते. २०१८ मध्ये महापालिकेने आल्फामा, मोरारिया यांसारख्या भागांत अशा खोल्यांचे नवे परवाने थांबवले, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. पागडीच्या घरात वाढलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. शेजारी कसे एकेक करून उठतात, ते आपण गिरगावात पाहिलेले आहे. आर्थिक संकटाच्या वर्षांत पर्यटकांच्याच पैशांनी ते शहर तगले आणि कित्येक पडायला आलेल्या इमारतींची डागडुजी झाली, हेही खरेच आहे. मी त्याच पैशातली होते. सेक्रेटरी पाऊण तास थांबून हॉटेलात परत गेले, मी मात्र सहा दिवस त्या बाईच्या खोलीत राहिले, तेव्हा आल्फामाचे जास्त नुकसान कोणी केले, हा प्रश्न मला कोणी विचारू नये. सकाळी लिहायला बसले तेव्हा माझा आवाज जेवढा चढलेला होता, तेवढा आता राहिलेला नाही.

तरीही त्या नोटिशीवर मी सही करणार नाही. पिवळी २८ नंबरची ट्राम ग्रासातून, आल्फामातून, बायशातून आणि शियादोतून जात शेवटी काम्पो द ओरीकला थांबते. ती इतकी भरलेली असते की मार्केटच्या पिशव्या घेतलेल्या तिथल्या म्हाताऱ्या बायका थांब्यावर तशाच उभ्या राहतात. त्यांच्या समोरून ती ट्राम न थांबता जाताना मी आतून पाहिली आहे आणि खिडकीशेजारची जागा सोडून उतरले नव्हते. आता त्या शहराच्या दोऱ्यांचे कौतुक करून आपल्या शहरातल्या दोऱ्या कापायच्या, एवढे तरी माझ्याच्याने होणार नाही. आमच्या इमारतीत बी विंगमध्ये एक आजी आहेत, ज्यांच्या घरात कपडे वाळवायचे यंत्र नाही आणि ऊन फक्त गॅलरीत येते. दर्शनी भाग त्यांचाही आहे.

आत्ता दुपारचे सव्वा बारा झाले आहेत. मी मघाशी तीच इरकल धुऊन गॅलरीत टाकली आहे. दोन वर्षांत तिचा रंग जायचा थांबलेला नाही, आणि खालच्या मजल्यावर सेक्रेटरी राहतात. बेल वाजते आहे, बघते.