कनान सुपीक की नापीक? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: पवित्र शास्त्र (बायबल) कनानला, म्हणजे इस्राएल लोकांना वचन दिलेल्या देशाला, कधी दुधामधाचे प्रवाह वाहणारा देश म्हणतं, तर कधी रहिवाशांना खाऊन टाकणारा. शिवाय अब्राहाम, इसहाक, याकोब या तिघांच्याही काळात तिथे दुष्काळ पडतो. तेव्हा एक तरी वर्णन खोटं असणार, आणि मी ते झाकतो आहे.

मी काही झाकत नाही. तिथला पाऊस लक्षात घेतला, तर ही वचनं एकमेकांना छेद देत नाहीत.

तुम्ही दिलेली दोन्ही वाक्यं एकाच अध्यायातली, मोशेने कनान पाहायला पाठवलेल्या त्याच हेरांच्या तोंडची आहेत (बायबलच्या गणना पुस्तकात १३:२७ आणि १३:३२). विसाव्या वचनात हंगामही दिला आहे: पहिली द्राक्षं पिकण्याचा, म्हणजे साधारण जुलै-ऑगस्ट. तिथे पाऊस हिवाळ्यात, ऑक्टोबर ते एप्रिल पडतो. जव एप्रिलमध्ये आणि गहू मेमध्ये कापला जातो. त्यानंतर कुरणं वाळतात, डोंगर तपकिरी होतात. अशा दिवसांत हेर काय घेऊन परततात? द्राक्षं, डाळिंबं, अंजिरं. चुनखडीच्या भेगांत मुरलेल्या पाण्यापर्यंत या झाडांची मुळं पोचतात. करपलेला डोंगर आणि दोघांनी दांड्यावर वाहून आणलेला घड एकाच महिन्यात दिसू शकतात.

उत्पत्ती ४३:११ बद्दल तुम्ही विचारता, घरात धान्य नाही तर याकोब मिसरला (इजिप्तला) मध, पिस्ते, बदाम कुठून पाठवतो? गव्हाला पेरणीसाठी आगोटीचा पाऊस लागतो आणि दाणा भरताना वळवाचा. अनुवाद ११:१४ मध्ये दोन्हींचा उल्लेख आहे. पहिला चुकला तर पेरणी लांबते, दुसरा चुकला तर दाणा पोचट राहतो. बदाम-पिस्त्याची झाडं मात्र खोल मुळांवर कोरडं वर्ष काढतात आणि थोडंफार फळ देतात. याकोबही 'थोडा मध' म्हणतो, हेही पाहा.

मग अंतर. यरुशलेमला वर्षाला सुमारे ५५० मिमी पाऊस पडतो. तिथून जेमतेम २५ किलोमीटर पूर्वेला, मृत समुद्राकाठी, तो १०० मिमीच्या खाली येतो, कारण डोंगरमाथा ओलांडला की ढग रिते होतात. दक्षिणेला बैर-शेबा २०० मिमीच्या आसपास. तिथे जव कसाबसा येतो, गव्हाचा भरवसा नसतो. इसहाक जिथे राहिला ते गरार याच कोरड्या पट्ट्याच्या कडेला. अशा ठिकाणी एका वर्षाचा पाऊस दुसऱ्या वर्षाशी जुळत नाही. म्हणून उत्पत्ती २६ च्या पहिल्या वचनात दुष्काळ आणि बाराव्यात शंभरपट पीक वाचून मला नवल वाटत नाही.

यशया ५:१० तुम्ही उद्धृत केलं नाहीत, पण तुमच्या बाजूचं सर्वांत भक्कम वचन तेच आहे: एक होमर बियाणं पेरून एक एफा पीक (होमर आणि एफा ही धान्याची मापं). दहा एफांचा एक होमर, म्हणजे बियाण्याचाही दहावा हिस्साच हाती. कुठे शंभरपट आणि कुठे हे! तिथे संदेष्टा न्यायदंडाबद्दल बोलतो आहे, ते हवामानावर ढकलून मी सौम्य करणार नाही. पण दंड कसा उतरतो, ते आधीच्या वचनांत आहे: कुंपण काढलं जातं, गडगा पाडला जातो, छाटणी-खुरपणी थांबते, काटे माजतात, पाऊस बंद होतो. त्या उतारांवर मातीचा थर पातळ. दगडी बांध एका जागी फुटला, तरी पुढच्या जोरदार सरीत वरची माती दरीत जाते.

दूध आणि मध ही तर नांगरटीची उत्पन्नंच नव्हेत. ती चराऊ रानाची. यशया ७:२१-२५ मध्ये द्राक्षमळ्यांत काटे माजले आहेत, आणि देशात उरलेली माणसं एक कालवड नि दोन मेंढ्या राखून दही आणि मध खातात. गहू, जव, अंजीर, जैतून यांची यादी अनुवाद ८:८ मध्ये आहे; तिथे मध येतो, दूध मात्र नाही.

पुढचं वचन पाठवाल तेव्हा आधी तीन गोष्टी तपासा: महिना कोणता, जागा डोंगरमाथ्याच्या कुठल्या बाजूला, आणि पीक धान्याचं की झाडाचं. अनुवाद ११:१०-१७ पासून सुरुवात करा. मिसरात पायाने पाणी देऊन मळा शिंपता येतो, कनान मात्र आकाशातलं पाणी पितो आणि ते आकाश बंदही होऊ शकतं, हे तिथे स्पष्ट लिहिलं आहे.