राउतावारा बाजाराला शरण गेले? आधी पहिली सिंफनी ऐका

‘फिनलंडचे संगीतकार एइनोयुहानी राउतावारा तरुणपणी कडक बारास्वरी (सप्तकातले बाराही स्वर ठरावीक क्रमाने वापरणारं) संगीत लिहीत, उतारवयात रचनांना देवदूतांची नावं देऊन गोड सुरांकडे वळले आणि बाजाराला शरण गेले.’ हे विधान पाश्चात्त्य संगीताच्या गप्पांमध्ये इतक्यांदा कानावर येतं की आता मला राहवत नाही.

मुळात क्रमच उलटा सांगितला जातो. त्यांची पहिली सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची दीर्घ रचना, १९५५-५६ची. फिनलंडचे थोर संगीतकार सिबेलियस यांनी निवड केल्यामुळे मिळालेल्या शिष्यवृत्तीवर राउतावारा तेव्हा अमेरिकेत शिकत होते. बारास्वरी तंत्राचं शिक्षण त्यांनी घेतलं ते त्यानंतर, १९५७मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या आस्कोनाला, संगीतकार व्लादिमिर फोगेल यांच्याकडे. आणि ही सिंफनी सुरू कशी होते? तंतुवाद्यांच्या दीर्घ दमाच्या, जड अंतःकरणाच्या चालीने. हा भावविव्हळ सूर आधीचा, गणिती शिस्त नंतरची.

सिबेलियसनी निवडलं म्हणून ही त्यांचीच नक्कल, असंही कुणी म्हणतं. मला तर तिथे रशियन संगीतकार शोस्ताकोविच जास्त जवळचे वाटतात, विशेषतः शेवटच्या द्रुत भागातल्या बोचऱ्या खोडकरपणात.

एक आक्षेप मात्र खरोखर दमदार आहे: आज वाजते ती सिंफनी मूळ रूपातली नाही. मूळचे चार भाग १९८८मध्ये दोनच उरले आणि २००३मध्ये ‘पोएटिको’ नावाचा मधला भाग आला. मग उतारवयातला गोडवा मागाहून मिसळला नसेल कशावरून? शंका रास्त आहे, म्हणून ‘पोएटिको’ मी पुरावा म्हणून पुढे करतच नाही. पण १९५३चं ‘अ रिक्विएम इन अवर टाइम’ घ्या. पितळी वाद्यं आणि तालवाद्यांसाठीची ही रचना, १९५४मध्ये सिनसिनाटीच्या स्पर्धेत पहिली आली. तीही फोगेल यांच्याकडे जाण्याआधीचीच, आणि सुरांशी तिचं वैर नाही. पुढे १९६१ची तिसरी सिंफनी बारास्वरी खरी, पण तिची फ्रेंच हॉर्न ऐकताना एकोणिसाव्या शतकातले भावप्रधान ऑस्ट्रियन संगीतकार ब्रुकनर आठवल्याशिवाय राहत नाहीत. मग सोडलं काय आणि धरलं काय?

राहिला बाजार. ‘एंजल ऑफ लाइट’ ही १९९४ची सातवी सिंफनी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टन या गावच्या वाद्यवृंदाने लिहून घेतली होती. वाद्यवृंद-संचालक सेगरस्टाम यांनी हेलसिंकी फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाकडून तिचं ध्वनिमुद्रण करून घेतलं, त्याला ग्रॅमी नामांकन मिळालं आणि राउतावारांचं नाव जगभर झालं, ते सगळं त्यानंतर.