नाणेफेक केली म्हणून सगळ्यांना समान संधी मिळत नाही

हजारो ऑप्शन असलेलं सॉफ्टवेअर कसं तपासायचं, यावर एक सल्ला सर्रास फिरतो. प्रत्येक ऑप्शनसाठी नाणेफेक करा, न जमणारी जोडी आली तर दुरुस्त करून घ्या आणि असे हजारभर बिल्ड चालवा, म्हणजे निवडलेल्या ऑप्शनांनिशी सॉफ्टवेअर बांधून बघा. प्रत्येक वैध कॉन्फिगरेशनला, म्हणजे ऑप्शनांच्या एकमेकांशी जमणाऱ्या निवडीला, समान संधी मिळते, निकाल सगळ्या कॉन्फिगरेशनांना लागू होतो आणि बगही जास्त सापडतात, असं त्यामागचं म्हणणं.

‘समान संधी मिळते.’ चारच ऑप्शन घेऊन बघू: एक नेटवर्क, आणि ते चालू असेल तरच निवडता येणारे तीन ड्रायव्हर. वैध कॉन्फिगरेशन 9 होतात: नेटवर्क बंद असलेलं 1, चालू असलेली 8. खरी समान संधी म्हणजे प्रत्येकाला नवात एक. पण नाणेफेकीत निम्म्या वेळा नेटवर्कच बंद पडतं आणि ड्रायव्हरांचं काय आलं याला अर्थ उरत नाही. त्या एकट्या कॉन्फिगरेशनच्या पदरात 50 टक्के, उरलेल्या आठांना प्रत्येकी सव्वासहा. लिनक्स कर्नलचं (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं) ‘मेक रँडकॉन्फिग’, म्हणजे नशिबाने कॉन्फिगरेशन बनवून देणारी कमांड, याच वळणाचं आहे. हो-नाही ऑप्शनला ते मुळात 50-50 टक्के देतं, आणि ज्याचा आधार बंद पडला त्याची किंमत गळून जाते.

दुरुस्ती न करता अवैध कॉन्फिगरेशन सरळ फेकून दिलं तर? मग मात्र वाटणी खरोखर समान होते, हे मान्य. वरच्या उदाहरणात 16 पैकी 9 टिकतात. पण लिनक्ससारख्या ठिकाणी टिकणारं एखादं हाती लागेपर्यंत जन्म जाईल. सॅट सॉल्व्हरकडे, म्हणजे सगळ्या अटी पाळणारं उत्तर शोधणाऱ्या प्रोग्रामकडे, ‘कुठलंही एक उत्तर दे’ म्हणून मागितलं तर तो त्याला आधी सापडलेलं देतो, समान वाटणीशी त्याला देणंघेणं नसतं. समान वाटणी हवी तर आधी मोजावं लागतं: नेटवर्क बंद धरून किती कॉन्फिगरेशन उरतात, चालू धरून किती. मग नाणं 1 विरुद्ध 8 असं मुद्दाम झुकवायचं. सगळी मेहनत या मोजणीतच जाते.

‘निकाल सगळ्यांना लागू होतो.’ समजा, नेटवर्क बंद असलं की बिल्ड मोडतो. प्रत्यक्षात 11 टक्के कॉन्फिगरेशन सदोष आहेत, नाणेफेकीचा नमुना 50 टक्के सांगेल. जेहिप्स्टर या वेब ॲप जनरेटरची सगळी 26,256 कॉन्फिगरेशन संशोधकांनी एकदा खरोखरच तपासली, त्यांत 35.70 टक्के नापास झाली. असा आकडा सगळं न तपासता अंदाजायचा तर नमुना समान संधीचाच हवा. तसा असेल तर त्याची ताकद मोठी: 300 बिल्डमध्ये एकही मोडला नाही, तर सदोष कॉन्फिगरेशन 1 टक्क्याहून कमी असल्याचं 95 टक्के खात्रीने म्हणता येतं, मग एकूण संख्या कितीही अफाट असो.

‘बग जास्त सापडतात.’ इथे समान संधीचे भक्तही घसरतात. कर्नलमध्ये मॉड्यूलची, म्हणजे एखादा भाग वेगळा ठेवून गरजेला जोडण्याची सोय बंद केली की ‘हो, मॉड्यूल, नाही’ अशा तीन किमती घेणाऱ्या प्रत्येक ऑप्शनला दोनच उरतात. असे परस्परांशी संबंध नसलेले फक्त 100 ऑप्शन धरले, तरी मॉड्यूल बंद असलेलं कॉन्फिगरेशन येण्याची शक्यता 4 वर 17 शून्यं, इतक्यांत एक. कर्नलमध्ये असे ऑप्शन हजारो आहेत. थोडक्यात, समान नमुन्यात ते कधीच येणार नाही. छोट्या उपकरणासाठी कर्नल बांधणारा मात्र नेमकी ही सोयच बंद करून बसलेला असतो. गंमत अशी की सदोष ठरवलेलं रँडकॉन्फिग असं कॉन्फिगरेशन सहज काढून देतं. असे कोपरे हुडकायला जोडीनिहाय नमुना बरा: कोणत्याही दोन ऑप्शनांची प्रत्येक वैध जुळणी त्यात एकदा तरी येते. फक्त त्यातले किती बिल्ड मोडले यावरून एकूण किती टक्के मोडतील, हे सांगायला जाऊ नये.