एम-16 बदनाम झाली ती कशामुळे
'एके-47 चिखलातही चालते, एम-16 ऐनवेळी दगा देते' हे या रायफलींवरच्या लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. (एके-47 म्हणजे सोव्हिएत बनावटीची कलाश्निकोव्ह, एम-16 अमेरिकी लष्कराची.) व्हिएतनाम युद्धात एम-16 अडकायची आणि त्यापायी पोरं हकनाक मेली, हे कबूल. पण काडतुसातली दारू बदलली कोणी? चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेला, गंजरोधक क्रोमचा मुलामा न देता, सफाईचं पुरेसं सामान न देता रायफली पाठवल्या कोणी? जाब त्यांना विचारा. त्यामुळे गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी चेंबरमध्येच रुतून बसायची; मग नळीच्या तोंडातून गज घालून ती ठोकून काढायची, तेही समोरून गोळीबार चालू असताना! कलाश्निकोव्हला क्रोम आधीपासून होतं. 1967च्या सुमारास एम-16लाही ते मिळालं आणि तक्रारी बऱ्याच कमी झाल्या. शिवाय तीनशे मीटरवर एम-16ची हलकी, वेगवान 5.56 मिमीची गोळी एके-47च्या 7.62 मिमीच्या गोळीपेक्षा सरळ जाते, हेही लेखात यायला हवं होतं.