झोपेतला फोन

पुन्हा तेच. दुपारी अडीचला फोन. "कॅप्टन, रोस्टर बदललाय, आज रात्री साडेदहाला रिपोर्टिंग." सकाळी सातला मुंबईला उतरलो, घोडबंदरच्या कोंडीतून कासारवडवलीला पोचेपर्यंत दहा वाजले. नुकता कुठे डोळा लागला होता. काही बोलायला जावं तर, "नियमात बसतं, सर."

मालवाहू विमान रात्रीच उडतं, ते मान्य करूनच नोकरी धरली. संताप या फोनचा आहे. पहाटे 2 ते 6 शरीर सर्वांत मंदावलेलं असतं, हे डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाच्या, नियमांतच लिहिलंय. नेमके तेव्हाच आम्ही पार्सलं घेऊन उतरत असतो. 2025 मध्ये आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तास झाली, बरं वाटलं. पण मोडलेल्या झोपेचा हिशेब कुठे मांडायचा? थकलोय म्हटलं की ठरलेलं उत्तर, "दुसरा कॅप्टन नाहीये." मग माणसं घ्या ना! एक आजारी पडला की बाकीच्यांची ओढाताण, दर महिन्याला.

अमेरिकेतही 2014 मध्ये लागू झालेल्या विश्रांतीच्या नव्या नियमांतून मालवाहू वैमानिक वगळले. का? मागे खोकी आहेत म्हणून? कॉकपिटमधलं शरीर तेच असतं, आणि खाली वस्ती असतेच की.

हल्ली दुपारी आई माझा फोन स्वतःजवळ ठेवते. आज दारात उभी राहून हळूच म्हणाली, "उठवू का रे?" तिचा चेहरा बघवेना.